पाण्याखालचा कान

कानाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते.

"पडशाने दडे बसलेत गं. उगाच आणलंस मला."

"बाबा, मासे मारायला कुणी पाण्यात सुरुंग फोडला, की आमच्या मत्स्य खात्याच्या पाण्याखालच्या माइकमध्ये ऐकू येतो."

"मग? सापडलं कुणी?"

"मंगळवारी दोन धमाके झाले. त्याआधी बोटीचं इंजिन वाजलं, दर चार ठोक्यांनी खोकणारं."

"तशी छप्पन्न इंजिनं असतात."

"असतील. पण हे किनाऱ्याकडे येताना ऐकू आलं, की आई चहा टाकते."

"साहेबांना सांगितलंस?"

"अहवाल संध्याकाळी द्यायचाय. आधी तुम्हाला सांगितलं."

"काका, तुमचा नंबर आला," नर्स म्हणाली. "कान कशाने गेला?"

"सुरुंगाने. माझ्याच. तसंच लिहा, सिस्टर."