कुडापलीकडची पारूवहिनी

मी हिराबाई, सफाळ्याच्या आतल्या गावची, भातशेतीतली. माझे मालक गवंडी, लग्नाला वर्ष झालेलं, आणि तारापूरला विजेच्या केंद्राचं बांधकाम निघालं, साठ-पासष्टचा सुमार असेल, तेव्हा आमी सरावलीला चाळीत खोली घेतली. चाळ म्हणजे काय सांगू तुमाला, पाठीला पाठ लावलेल्या खोल्या, आमचं दार पूर्वेला, मागच्यांचं पश्चिमेला, आणि मधे नुसता कारवीचा कूड, शेणानं सारवलेला. पलीकडं पारूवहिनी, साताऱ्याकडची, नवरा सुतार. कोपऱ्यात कुडाची एक काठी मोडून भोक पडलेलं, वाटी जाईल एवढं.

त्या भोकातून आमचा संसार चालायचा. ती ठेचा द्यायची, मी सुकटीची चटणी. वाटी रिकामी परत द्यायची नाय, हा दोघींचा नेम. माझी तांदळाची भाकरी बघून म्हणायची, हिरे, ही भाकरी हाय का रुमाल? मी म्हणायचे, तुमची ज्वारीची खाऊन माझे दात पडतील.

एकदा कालवण खारट झालं म्हणून मालक माझ्यावर ओरडत होते, तर ती पलीकडून म्हणाली, भावोजी, आवरा आता, तुमच्या आवाजानं आमची आमटी उतू चाललीय. सगळी चाळ हसली. मालक हसले नाय. रविवारी विटा आणल्या, चाळवाल्याला विचारून कूड काढला, भिंत घातली. मी नको म्हणाले का? नाय. उलट विटा मीच हातात दिल्या. मलापण वाटलं, पक्की भिंत, बाया बघतील. शेवटची फट उरली तेव्हा वहिनीनं तिथून ठेच्याची वाटी सरकवली, म्हणाली, घे गं, आता लांबून यावं लागेल.

लांबून म्हणजे किती, चाळीला वळसा, पन्नास पावलं. पण वाटी रिकामी कशी न्यायची, दिवाळी तोंडावर आलेली, गावाहून नवा तांदूळ येऊ दे म्हणून मी थांबले, थांबतच गेले. तांदूळ आला, वाटी भरून गेले, तर दाराला कुलूप. तिची शेजारीण म्हणाली, सुताराचं काम संपलं, आठ दिवस झाले माणसं गेली. जाताना भिंतीशी उभी राहून तुला हाका मारत होती. तू ओ दिली नाहीस. म्हणाली, हिरा रागावलीय, राहू दे.

रोज बोलायचो आमी, रोज, पण गाव कोणतं ते मी कधी विचारलं नाय. साताऱ्याकडचं, एवढंच.

आता मालक नाहीत, चाळही नाय, तिथं इमारत हाय, तिच्यातच मी राहते, माझ्या शेजारी कोण राहतं ते मला ठाऊक नाय. वहिनी असेल तिथं सुखात असो, नातवंडांत असो. तुमी लिहिताय तर एवढं नीट लिहा, मी रागावले नव्हते. मला ऐकूच आलं नाय.